आपल्या भागात साहित्य-संस्कृतीचा कार्यक्रम घ्यायचाय? राज्यस्तरीय संस्थेला सोबत घेऊन तो कसा करायचा, पायरी पायरीने

पुण्यात कार्यक्रमांची काय कमी, असं पेठेत राहणाऱ्यांनी म्हणावं. टिळक रोड, नवी पेठ, सदाशिव, शनिवार, फार तर डेक्कन, एवढ्या टापूत निम्मं सांस्कृतिक पुणं उरकतं. धायरीच्या, वाघोलीच्या किंवा पिंपळे सौदागरच्या माणसाला सहाच्या व्याख्यानाला जायचं तर साडेचारला घर सोडायचं, आणि पोचल्यावर पार्किंग शोधण्यात प्रास्ताविक गेलंच समजा (ते गेलं तर फार बिघडत नाही, ही गोष्ट वेगळी). म्हणून आम्ही सिंहगड रोडवरच्या काही लोकांनी ठरवलं की कार्यक्रमच इकडे आणायचा, आणि एकट्याने न करता राज्यभर काम करणाऱ्या संस्थेला सोबत घेऊन करायचा. झालं ते, अजूनही चालू आहे. पण सुरुवातीला कुणाला विचारायचं, काय लिहायचं, पैसे कोण देणार, यातलं काहीच एका जागी सापडत नाही. ते इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. या संस्था म्हणजे एटीएम नाहीत. तुम्हाला मिळतं ते त्यांचं नाव, त्यांच्या ओळखीतले वक्ते, त्यांचे सभासद, आणि कधीकधी थोडे पैसे. याच क्रमाने. नुसत्या पैशासाठी जाल तर दोन महिने हेलपाटे घालून चिडून परत याल.

१. कुणाकडे जायचं ते आधी ठरवा

सगळ्या संस्था एकसारख्या नसतात, आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो.

महाराष्ट्र साहित्य परिषद, म्हणजे आपली मसाप, १९०६ ची. मुख्य कार्यालय टिळक रोडला, आणि शाखा गावोगाव. साहित्याचं काही असेल, म्हणजे कविसंमेलन, लेखकाशी गप्पा, पुस्तकावर चर्चा, तर पहिलं दार हेच. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, नागपूर-अमरावतीकडे विदर्भ साहित्य संघ (१९२३), मराठवाड्यात मराठवाडा साहित्य परिषद (१९४३) आणि मुंबईत मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) आहे, तेव्हा तिकडच्यांनी आपापलं दार ठोठवावं.

यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान १९८५ चं, मुख्यालय मुंबईत, पण जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं आहेत. साहित्य, कला, शिक्षण, सामाजिक प्रश्न असा पसारा मोठा आहे. विज्ञानाकडे झुकणारा विषय असेल तर मराठी विज्ञान परिषद, १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगतायत, त्यांचेही विभाग ठिकठिकाणी आहेत.

आता महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ (१९६०) आणि राज्य मराठी विकास संस्था (१९९२) या शासनाच्या. तिथे योजना असतात, ठरावीक नमुन्यातले अर्ज असतात, शेवटची तारीख असते. 'सहज भेटायला आलो होतो' हे तिथे चालत नाही. पहिल्याच कार्यक्रमाला त्या वाटेला जाऊ नका, माझं स्पष्ट मत. एक-दोन कार्यक्रमांचे रिपोर्ट हातात आले की मग जा.

आणि भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), भांडारकर प्राच्यविद्या संस्था (१९१७) या पुण्यातल्या संशोधन संस्था. ते तुमच्या सोसायटीत कार्यक्रम लावून देणार नाहीत, पण इतिहासावर बोलणारा खरा अभ्यासू माणूस तुम्हाला तिथल्या सभांनाच भेटेल.

२. आधी श्रोते व्हा

हे टाळता येत नाही. ज्या संस्थेकडे जाणार तिच्या तीन-चार कार्यक्रमांना जाऊन बसा. कोण सूत्रसंचालन करतं, कोण खुर्च्या लावतं, शेवटी माइक बंद करून वायरी गुंडाळणारा माणूस कोण आहे, ते बघा. काम या वायरी गुंडाळणाऱ्याकडूनच होतं, स्टेजवरच्यांकडून नाही. त्यांना चहाच्या वेळी गाठून 'आमच्याकडे असं काही करायचंय, कुणाशी बोलू?' एवढंच विचारा. 'कार्यवाहांना भेटा, मी सांगून ठेवतो' हे उत्तर आलं की निम्मं काम झालं.

अजून ओळख नसेल तर वसंत व्याख्यानमाला ही उत्तम जागा. न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून, म्हणजे १८७५ पासूनची, एप्रिल-मे मध्ये टिळक स्मारक मंदिरात असते. दीडशे वर्षं रोज संध्याकाळी एक माणूस बोलणार आणि बाकीचे ऐकणार हे पुण्याने चालवलंय, तेव्हा व्याख्यानाला आता कोण येतं हो, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

जमलं तर सभासद व्हा. सभासद नसलात तरी कार्यक्रम होतो, पण सभासदाच्या पत्राला उत्तर लवकर येतं.

३. विषय तुमच्या भागातून काढा

नवीन लोक हमखास 'मराठी भाषा: काल, आज आणि उद्या' असा विषय घेऊन जातात. संस्थेकडे असे विषय ढिगाने येतात. त्यांना हवं असतं ते त्यांच्याकडे नसलेलं, आणि ते तुमच्या गल्लीत असतं.

आम्ही पानशेतचा पूर घेतला. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं, आणि नारायण-शनिवार पेठांत पाणी शिरलं हे पुण्यात सगळ्यांना माहीत असतं, पण ज्यांनी ते बघितलं ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यातली कितीतरी आमच्या आसपासच्या सोसायट्यांत मुलाकडे राहायला आलेली आहेत. कल्पना साधी होती. आधी अभ्यासक अर्धा तास बोलणार, धरणाचं काय झालं, पाणी कुठून कसं आलं, आणि मग पाच-सहा ज्येष्ठ मंडळी आपापलं सांगणार. एका आजोबांनी येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जुनं रेशनकार्ड आणलं होतं, खालचा अर्धा भाग तपकिरी, त्यावरची शाई पसरलेली, आणि वरच्या अर्ध्या भागातली नावं मात्र स्वच्छ वाचता येत होती. 'पाणी इथपर्यंत आलं' असं म्हणून त्यांनी बोट ठेवून दाखवलं. अभ्यासकांनी स्लाइडवर नकाशा लावला होता, पण लोक उठून त्या कार्डाभोवती जमले.

असा विषय सगळीकडे असतो. हडपसरला बाजार, खडकीला दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांच्या पिढ्या, कात्रजला पेशवेकाळात शहराला पाणी नेणारा नळ, पिंपरीत फाळणीनंतर येऊन वसलेली सिंधी कुटुंबं. हिंजवडीत काही नाही असं म्हणू नका, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा आयटी पार्कच्या जागी काय पिकायचं.

४. नोंदणी असलेला जोडीदार शोधा

तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप कितीही जोरात असला तरी कागदावर तो कुणीच नाही. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, तिचं दरवर्षी ऑडिट होतं, त्यामुळे ती पैसे किंवा नाव देणार ते नोंदणी असलेल्या कुणाला तरी. लगेच स्वतःचा ट्रस्ट काढायला धावू नका. घटना, विश्वस्त, दरवर्षीचे हिशोब, बदल अर्ज, एका कार्यक्रमासाठी हा व्याप कशाला? तुमच्या भागात यापैकी काहीतरी असतंच:

- सार्वजनिक वाचनालय (सगळ्यात उत्तम)
- ज्येष्ठ नागरिक संघ (गर्दीची खात्री)
- हाउसिंग सोसायटी (हॉल फुकट, पण मॅनेजिंग कमिटीचा ठराव लागतो)
- महिला मंडळ, शाळा किंवा कॉलेजचा मराठी विभाग

यातल्या एकाच्या लेटरहेडवर पत्र न्यायचं. गणपती मंडळ चालतं का, असं बरेच जण विचारतात. चालतं, नोंदणी असेल तर, पण बॅनरवर कुणाकुणाचे फोटो येणार हे आधीच बोलून घ्या. संस्थेचं नाव आणि वर नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो, असा फ्लेक्स लागला की संस्था पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

५. एकपानी प्रस्ताव

एक पान. खरंच एकच. कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये पंधरा विषय असतात, तुमचा बारावा असतो आणि तोवर चहा येऊन गेलेला असतो. त्या पानावर एवढं हवं: विषय दोन ओळींत, कुणासाठी, किती लोक अपेक्षित, तारखेचे दोन पर्याय, जागा, वक्ता (ठरला असेल तर), एकूण खर्च, त्यातला तुम्ही किती उभा करताय, आणि संस्थेकडून नेमकं काय हवंय. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. 'आपले सहकार्य लाभावे' याचा अर्थ काय घ्यायचा कुणी? 'वक्ता सुचवावा, आपल्या सभासदांना निमंत्रण पाठवावे आणि वक्त्याचा प्रवासखर्च द्यावा' असं सरळ लिहा.

'समाजप्रबोधनाच्या उदात्त हेतूने' वगैरे काढून टाका. पत्र मराठीत. मेल केलात तरी छापील प्रत नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. जाण्याआधी फोन करून ऑफिसची वेळ विचारा. काही ठिकाणी काम संध्याकाळीच चालतं, आणि दुपारी एक ते चार पुण्यात कुठेही काही मागायला जाऊ नये हे तुम्हाला मी सांगायला नको.

सोबत जोडायचे कागद:

- जोडीदार संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स
- कार्यक्रम घ्यायचा ठराव किंवा सचिवांचं पत्र
- अंदाजपत्रक
- पॅन आणि कॅन्सल चेक, दोन्ही संस्थेच्या नावाचे
- जागा मिळाल्याचं पत्र किंवा सोसायटीचं ना हरकत पत्र

कॅन्सल चेक स्वतःच्या सेव्हिंग खात्याचा देऊ नका. 'माझ्याकडे द्या, मी वाटतो' हे कितीही प्रामाणिकपणे म्हटलं तरी ऑडिटर ऐकत नाही, आणि सोसायटीतले लोक तर अजिबात ऐकत नाहीत.

६. पैशाचं सरळ बोला

साध्या व्याख्यानाला खर्च कशाचा असतो? मानधन, प्रवास, माइक, प्रोजेक्टर, चहा, शाल-श्रीफळ, बॅनर. यातला बॅनर आणि सत्कार यावर लोक वाटेल तेवढा खर्च करतात आणि मानधनाचं मात्र 'बघू, सर काही म्हणणार नाहीत'. सर म्हणणार नाहीतच, पुढच्या वेळी येणार नाहीत एवढंच. फोनवरच विचारा: 'सर, मानधन किती अपेक्षित आहे? आमचं बजेट इतकं आहे.' कुणीही रागावत नाही. उलट बरेच जण बजेट ऐकून 'मग प्रवासाचं बघा फक्त' म्हणतात.

आम्ही दोन खर्च सरळ कापले. हार-गुच्छ बंद, आणि बॅनर एकदाच करायचा, तारीख न टाकता, म्हणजे पुढच्या कार्यक्रमालाही तोच.

देणगी घेताना एक बघा. देणगीदाराला ८०जी ची करसवलत हवी असेल तर पावती ज्या संस्थेची तिच्याकडे ८०जी पाहिजे, आणि दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ती सवलत मिळत नाही. त्यामुळे चेक किंवा यूपीआय, थेट संस्थेच्या खात्यात. तिकीट लावू नका. पेटी ठेवा दाराशी, लोक टाकतात.

७. तारीख आणि हॉल

आधी तारखेचं, कारण इथे चुकलं तर बाकी सगळं पाण्यात. गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि त्याआधीचा आठवडा सोडा. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दिवस सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पालक परीक्षांत. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव असतो, आणि २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सवही भरतोय. चांगले दिवस म्हणजे जानेवारीतला मराठी भाषा पंधरवडा, १४ ते २८. तेव्हा संस्थाही कार्यक्रम शोधत असतात. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, सगळ्यांना हवा असतो आणि चांगले वक्ते त्या दिवशी मिळतच नाहीत. त्याच आठवड्यातला शनिवार घ्या.

हॉल पन्नास-साठ लोकांचा पुरे. मोठ्या नाट्यगृहाचा मोह नको. बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव किंवा औंधचं भीमसेन जोशी कलामंदिर या महापालिकेच्या जागा आहेत, तारखांसाठी रांग असते, आणि ऐंशी माणसं अशा नाट्यगृहात बसली की कार्यक्रम पडला असं वाटतं. तीच ऐंशी वाचनालयाच्या हॉलमध्ये बसली की लोक दारात उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी 'काय गर्दी होती' अशी चर्चा. शहरात घ्यायचंच असेल तर गांजवे चौकातलं पत्रकार भवन आणि तिथलंच एस. एम. जोशी फाउंडेशन या मध्यम जागा.

हॉल बघायला कार्यक्रमाच्याच वेळी जा. दुपारी शांत वाटलेला हॉल संध्याकाळी सहाला शेजारच्या झुंबा क्लासमुळे दणाणत असतो.

८. परवानग्या आणि हक्क

बंद हॉलमधल्या व्याख्यानाला फारसं काही लागत नाही. उघड्यावर स्पीकर लावणार असाल तर पोलीस स्टेशनची लेखी परवानगी घ्या, आणि रात्री दहाला बंद म्हणजे बंद. नाटक किंवा एकांकिका करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं, त्याला वेळ लागतो, ते आधी बघा.

अभिवाचनाचं जरा नीट समजून घ्या, कारण इथे सगळेच 'चालतं हो' म्हणतात. पुस्तकातला माफक उतारा जाहीरपणे वाचायला कायदा अडवत नाही. पण अख्खी कथा किंवा नाटक तास-दीड तास वाचणार असाल तर हक्क कुणाकडे आहेत ते शोधून लेखी परवानगी घ्या. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतात. म्हणजे गडकरी (१९१९ ला गेले), साने गुरुजी (१९५०) मोकळे झाले, पुलं (२०००) अजून बरीच वर्षं नाहीत. बहुतेक वेळा घरचे लोक आनंदाने परवानगी देतात, फक्त विचारावं लागतं.

आमच्यासारखं आठवणी रेकॉर्ड करणार असाल तर बोलणाऱ्याची सही घ्या, चार ओळींच्या संमतीपत्रावर: रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, नेटवर टाकणार का. ज्येष्ठ मंडळींच्या मुलांसमोर घ्या. नंतर मुलगाच फोन करतो, 'आईचा व्हिडिओ कुणी टाकला?'

९. प्रत्यक्ष दिवस

मिनिटांचा कागद करा आणि सूत्रसंचालकाच्या हातात द्या. प्रास्ताविक पाच मिनिटं, परिचय तीन, वक्ता पंचेचाळीस, प्रश्न वीस. दीपप्रज्वलन ठेवायचं तर ठेवा पण पंखे बंद करायला एक माणूस नेमा, नाहीतर सहा पाहुणे काडेपेटीशी झटत बसतात. सत्कार शेवटी. सुरुवातीला ठेवलात तर अर्धा तास गेला.

निमंत्रणावर नावांचा क्रम संस्थेला दाखवल्याशिवाय छापू नका. अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, 'प्रमुख उपस्थिती' म्हणजे नेमकं काय, यावरून पुण्यात कायमची भांडणं झालेली आहेत. आम्ही अध्यक्षच ठेवत नाही, कुणाचं काही अडलेलं नाही.

प्रश्नोत्तरांत एकजण उठून स्वतःचं भाषण करणार. दर वेळी. उपाय म्हणजे प्रश्न चिठ्ठीवर मागवायचे. आणि फिरता माइक आपल्या माणसाच्या हातात राहू द्या, श्रोत्याच्या हातात गेला की परत येत नाही.

सहा म्हणजे सहाला सुरू करा, दहाच माणसं असली तरी. दुसऱ्या कार्यक्रमापासून लोक पावणेसहाला येऊन बसतात, आमच्याकडे बसतात. आणि पावणेआठपर्यंत संपवा, लांबून आलेल्यांना बस मिळाली पाहिजे.

१०. नंतरचे कागद, आठवड्याच्या आत

इथे जवळजवळ सगळे ढेपाळतात. संस्थेला दोन पानी अहवाल, हजेरीच्या वहीची झेरॉक्स, चार फोटो (दोन तरी श्रोत्यांचे, सगळेच स्टेजचे नकोत), ओरिजिनल बिलं आणि खर्चाचा तक्ता द्यायचा. चहावाल्याचं बिल त्याच दिवशी घ्या, नंतर तो देत नाही. अंदाजपत्रकापेक्षा कमी खर्च झाला तर उरलेली रक्कम चेकने परत करा. ते बघून कोषाध्यक्ष तुम्हाला नावाने ओळखायला लागतात. वक्त्याला मानधन त्याच संध्याकाळी पाकिटातून किंवा दुसऱ्या दिवशी खात्यात, आणि सही केलेली पावती फाइलला.

हजेरीच्या वहीत नाव आणि फोनसोबत एक रकाना जास्तीचा ठेवा: 'तुमच्याकडे या विषयाचं काही आहे का?' आम्हाला त्यातूनच पत्रं, फोटो, एकांच्या वडिलांची डायरी मिळाली. अहवाल द्यायला जाताना त्या वहीची पानं सोबत न्या आणि कार्यवाहांच्या टेबलावर उघडून ठेवा, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाचं बोलणं तिथेच सुरू होतं.